एक कान ओका

विमलाबाई जाऊन थंडी सरली, ऊन तापायला लागलं, तरी विनिताने स्वयंपाकघरातलं एकही भांडं घराबाहेर जाऊ दिलं नव्हतं. त्यांतलंच कुठलंतरी एक आईला शेवटी हवं होतं, आणि ते कोणतं, हे तिला अजून कळलेलं नव्हतं.

आता मात्र उसंत नव्हती. कोपरच्या खाडीकडची ती जुनी चार मजली इमारत पाडून तिथे टॉवर उभा राहायचा होता. बाकीची बिऱ्हाडं कधीच हलली होती. त्यांच्यामागे भंगारवाले आले, त्यांनी दारं काढली, खिडक्यांचे गज काढले, बेसिनंसुद्धा उपटून नेली. जिना चढताना दोन्ही बाजूंना नुसत्या चौकटी. एका घरात भिंतीवर गेल्या सालचं कॅलेंडर अजून लटकत होतं आणि वारा आला की त्याचं पान आपोआप उलटल्यासारखं व्हायचं. तिसऱ्या मजल्यावर विनिताच्या घराला तेवढं दार होतं, पडदे होते, आणि संध्याकाळी दिवा लागत होता.

"ताई, शनिवारी टेम्पो आणतोय," संदेशने फोनवर सांगितलं होतं. तो तिचा धाकटा भाऊ, ठाण्याला घोडबंदरकडे राहायचा. "तुझी पुस्तकं नव्या जागेत सोडतो, कपाट माझ्याकडे. भांड्यांचं काय ते तू ठरव. पण ठरव. बिल्डरचा माणूस रोज फोन करतोय. आणि तू एकटी त्या भुताच्या इमारतीत राहतेस, मला इकडे झोप लागत नाही."

"बघते," विनिता म्हणाली.

"गेले तीन महिने बघतेच आहेस. म्युझियम काढतेयस का?"

ती मुळातच कमी बोलणारी. ठाण्याच्या एका वाचनालयात पुस्तकांच्या सोबतीत तिची निम्मी हयात गेली होती. लग्न झालं होतं, ते फार टिकलं नाही, त्याबद्दलही ती कधी बोलत नसे. आई गेली तेव्हा सगळे रडले, तिने मात्र आल्यागेल्यांचं पाणी पाहिलं, कोण कुठे बसलंय ते पाहिलं. डोळे कोरडेच राहिले. ते का, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

त्या भांड्याची हकिकत अशी.

विमलाबाई उखाण्यांसाठी अख्ख्या आळीत प्रसिद्ध होत्या. लग्न असो, डोहाळजेवण असो, संक्रांतीचं हळदीकुंकू असो, नव्या सुना आधी त्यांच्याकडे येऊन उखाणा मागून न्यायच्या. त्यांच्या उखाण्यांत चांदीची ताटं नसत की सोन्याचे कळस नसत. जे समोर दिसेल ते उखाण्यात. दार पुसता पुसता म्हणायच्या:

"दाराला लावली कडी, कडीला नाही कुलूप,
वामनरावांच्या वरणावर पळीभर तूप."

वामनराव म्हणजे विनिताचे वडील. ते जेवता जेवता म्हणत, "पळीभर म्हणतेस आणि चमचाभर वाढतेस." वडील गेले तशी विमलाबाईंना उखाणा घेण्याची आमंत्रणं बंद झाली. त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही. नाव घ्यायला माणूस नाही तर नाही, वस्तू तर आहेत, असं म्हणत त्या घरातल्या घरात भांड्यांना दोन दोन ओळी चिकटवत राहिल्या. विनिता तेव्हा पुस्तकात डोकं घालून बसलेली असे. चांगली कविता कशी असते हे तिला ठाऊक होतं, आणि आईच्या ओळी ती नव्हे असंही तिला ठाऊक होतं.

मग गेल्या पावसाळ्याच्या शेवटी विमलाबाईंना झटका आला. हातापायांतलं बळ बरंचसं परत आलं, बोलणं आलं, फक्त नावं गेली. डॉक्टर म्हणाले, असं होतं. वाक्य तयार होतं आणि नेमक्या नावाच्या जागी खड्डा पडतो. घरी आणल्यावर पहिल्याच दुपारी त्या खाटेवरून म्हणाल्या, "मला ते दे. ते गं. ते..." आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. विनिताने चष्मा दिला, रुमाल दिला, औषध दिलं. प्रत्येक वेळी मान नकारार्थी हलली. मग त्यांनी डोळे मिटले. चादरीवर बोटांनी ठेका धरला, आणि म्हणाल्या:

"दिसतं पण दिसत नाही, मुठीत राहत नाही,
ओठाशी आल्याखेरीज जीव गप्प बसत नाही."

"पाणी?" विनिताने विचारलं.

विमलाबाई हसल्या. विनिताने पेला भरून आणला, तेव्हा पिण्याआधी त्यांनी पेल्याच्या काठावर नखाने एक टिचकी मारली. टिंग. बरोबर.

तेव्हापासून घरात तसंच चालू झालं. नाव हरवलं की त्या त्याच्या भोवती दोन ओळींचं कुंपण घालत. विनिताने उठायचं, ती वस्तू शोधायची, तिला हात लावायचा आणि तिचं नाव मोठ्याने घ्यायचं. ओळखलं की टिंग. नुसतं नाव घेऊन भागत नसे, हात लावावाच लागे. हा नियम कुणी केला नव्हता, तो होत गेला.

"दिवसभर फिरतो, उंबरा ओलांडत नाही,
घाम सगळ्यांचा पुसतो, हात काही लावत नाही."

पंखा. त्याला हात लावायला विनिताला स्टुलावर चढावं लागलं होतं, आणि दोघीही खूप हसल्या होत्या.

"दुसऱ्यांना रस देते, स्वतः चोथा धरते,
सासू नव्हे, सून नव्हे, खिळ्याला लटकते."

ही चहाची गाळणी. त्या दिवशी विनिता गाळणी हातात घेऊन ओट्यापाशी थोडा वेळ तशीच उभी राहिली. जाळीचा काठ काळवंडला होता, मधली तार घासून घासून चकचकीत झाली होती. उजेडाकडे धरली तर शंभर बारीक खिडक्या. इतकी वर्षं तिने हिच्यातून चहा गाळला होता. गाळणीकडे पाहिलं मात्र कधी नव्हतं. मग सांडशी पाहिली, मिठाची बरणी पाहिली, लाटण्याच्या मधला खोलगट झालेला भाग पाहिला. ज्या घरात ती जन्मली ते तिला त्या चार महिन्यांत दिसलं.

माणसांची नावंही गेली होती. वडिलांच्या फोटोकडे पाहून विमलाबाई "दाराला लावली कडी" सुरू करत, कुलपापर्यंत येत, आणि मग एक श्वास सोडून एकदम वरणावर जात. मधली जागा रिकामी. दिवसा त्यांच्याजवळ बसायला शहाडहून करिश्मा नावाची पोरगी यायची, तिला त्या "ही पोर" म्हणत. विनिताला "अगं." आपलं नाव आईला आठवतं का, हे विनिताने कधी विचारून पाहिलं नाही. सगळ्याच गोष्टींची परीक्षा घ्यायची नसते.

जानेवारीत ताप येऊन त्यांची तब्येत उतरणीला लागली, आणि तेव्हा त्यांनी ते शेवटचं कोडं घातलं. दुपारची वेळ होती. उशीवर डोकं टेकलेलं, नजर दारातून स्वयंपाकघरात, खिडकीजवळच्या कोपऱ्याकडे. म्हणाल्या:

"एका कानाला सोनं, एक कान ओका,
रिकामी आहे म्हणून वाजते, टाकून देऊ नका."

आणि म्हणता म्हणता त्यांनी स्वतःच्या कानाला हात लावला.

विनिता लगेच उठली. कान म्हणजे भांड्याचा कान, हे उघडच होतं. कपाला कान असतो, पण कप तो. इथे तर रिकामी, वाजते, म्हणजे ती. बरणी, किटली, कढई. सोनं म्हणजे पितळ असेल किंवा सोनेरी नक्षी. तिने सोनेरी काठाची किटली आणली, कानाला हात लावला, नाव घेतलं. विमलाबाईंनी मान हलवली, नाही. कढई आणली. नाही. चिनी मातीची बरणी आणली. त्या हसल्या आणि तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच ओळी, तीच वेळ, तोच कोपरा. तिसऱ्या दिवशीही. त्या सारख्या कानाला हात लावतात म्हणून विनिताने कानाच्या डॉक्टरांना घरी बोलावलं. त्यांनी बॅटरी लावून दोन्ही कान पाहिले. म्हणाले, "कान झकास आहेत. कुड्याही छान आहेत."

कोडं सुटायच्या आतच विमलाबाई गेल्या. न्यायच्या आधी कुणीतरी म्हणालं, अंगावरचं सोनं काढून घ्या. विनिताने त्यांच्या कानांतल्या मोत्याच्या कुड्या, सोन्याच्या कोंदणातल्या, फिरकी सोडवून काढल्या आणि कुठे ठेवाव्या हे न सुचून आपल्या रोजच्या रिंगा काढून स्वतःच्याच कानांत घातल्या. त्यानंतर त्या तिथेच राहिल्या.

शुक्रवारी दुपारी करिश्मा आपली राहिलेली छत्री आणि डबा न्यायला आली. आईनंतर ती पहिल्यांदाच येत होती. जिना चढून आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता.

"कसलं भयाण झालंय ओ ताई हे. खाली एका घरात तर मांजर बसलंय नुसतं, मालक असल्यासारखं. तुम्हाला भीती नाय वाटत?"

"कशाची?"

"आता कशाची म्हणजे," करिश्मा म्हणाली आणि हॉलमध्येच भिंतीला टेकून बसली.

"चहा ठेवते. आत ये ना, बोलत बसू."

"नको. इथंच बरं हाय."

विनिताने तिच्याकडे पाहिलं. करिश्मा शेवटच्या आठवड्यात स्वयंपाकघरात पाऊल टाकत नव्हती हे तिच्या लक्षात आलं होतं. आईचा पेला भरायलासुद्धा ती बाथरूमच्या नळावर जायची. तेव्हा विचारायला सवड नव्हती.

"करिश्मा, आत काय आहे?"

"काय नाय."

"मग ये की."

करिश्मा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "तुम्ही हसाल. शिकलेली माणसं तुम्ही."

"नाही हसणार."

"आजी बोलायच्या ना तिकडं बघून, ते कोडं. तुम्ही कामावर असायच्या, तेव्हा त्या नुसतं कोडं नाय बोलायच्या. त्या तिच्याशी बोलायच्या."

"कुणाशी?"

"ते मला काय माहीत? मला तर कोणी दिसलं नाय कधी. त्या कोपऱ्यात, खिडकीपाशी. मला म्हणायच्या, तिला बसायला दे, कधीची उभी आहे. मी पहिल्या दिवशी येड्यासारखी स्टूल नेऊन ठेवला. मग म्हणाल्या, रडू नको म्हण तिला. मी काय म्हणणार? मी म्हटलं, ओ रडू नका. असं हवेत." करिश्मा हसायला गेली, पण तिला ते जमलं नाही. "त्यानंतर नाय गेले मी आत."

गॅसवर चहा उतू जायला आला. विनिताने उठून तो बंद केला. कोपरा तिच्या डाव्या हाताला होता. रिकामाच होता. तिथे खिडकीतून पडलेलं उन्हाचं एक उभं फाळकं होतं, माणसाच्या उंचीचं.

"मला का नाही सांगितलंस?" तिने बाहेर येऊन कप पुढे करत विचारलं.

"तुम्ही आधीच कुठं झोपत होता? आणि आजी घाबरल्या नव्हत्या, ताई. ते जास्त वाटलं मला. म्हातारी माणसं शेवटी शेवटी काय काय बघतात, ओरडतात, आमची आजीपण ओरडलेली. ह्या हसायच्या. आपलं माणूस आल्यासारख्या. मला म्हणाल्या, बघ किती छान दिसते."

"छान दिसते म्हणाली?"

"हां. आणि मग ते कानाचं."

करिश्माने घाईघाईने चहा संपवला. निघताना विनिताने तिला विचारलं, भांडी हवी आहेत का, कढई चांगली आहे. करिश्मा दारातूनच म्हणाली, "राग नका मानू, पण त्या खोलीतलं काय नको." जिन्यात तिच्या चपलांचा आवाज दर मजल्यागणिक लहान होत गेला, आणि मग थांबला.

विनिता भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नव्हती. तिने त्यांच्याबद्दल पुष्कळ वाचलं होतं, म्हणूनच असेल. पण भांडी घासता घासता तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. या तीन महिन्यांत तिने त्या कोपऱ्यात काहीही ठेवलं नव्हतं. घरभर खोकी रचलेली असताना तो एवढाच चौकोन मोकळा होता. आणि खिडकीकडे जाताना ती दर वेळी थोडी वळून जात होती, जमिनीवर कुणी बसलेलं असलं म्हणजे आपण वळसा घालून जातो, तशी.

शनिवारी संदेश दोन माणसं आणि टेम्पो घेऊन आला. पुस्तकं गेली, कपाट गेलं. आईची लोखंडी खाट गेली, तेव्हा फरशीवर तिच्या पायांचे चार गंजलेले ठसे राहिले. सगळ्यांत शेवटी भांडी. विनिताने ती हॉलच्या मधोमध मांडली आणि त्यांच्यामध्ये स्वतः बसली. एकेक उचलायचं, उलटंपालटं करायचं, वाजवून पाहायचं, कागदात गुंडाळायचं. पराती, थाळ्या, वाट्यांच्या चळती, तळाशी काळा पडलेला टोप. ओढणी सारखी पुढे येत होती, ती तिने दोनदा मागे टाकली, मग गळ्याभोवती घट्ट गुंडाळून घेतली.

"ताई, तू भांडी भरतेयस की त्यांची मुलाखत घेतेयस?" संदेश दाराला टेकून म्हणाला.

"थांब रे."

"थांबलोय. दोन तास थांबलोय. खालचा टेम्पोवाला माझा बाप काढतोय."

तेवढ्यात तळच्या खोक्यातून एक लोखंडी कढई निघाली. विनिताने ती वर धरली आणि उजेडाकडे वळवली. कढईचा एक कान पितळेचा होता, कधीतरी कल्हईवाल्याकडून लावून घेतलेला. दुसरा तुटून गेला होता, नुसती दोन भोकं उरली होती. एका कानाला सोनं, एक कान ओका. तिने बोटाने टिचकी मारली. कढई वाजली.

"मिळाली," ती म्हणाली.

"काय मिळाली?"

तिने त्याला कोडं म्हणून दाखवलं. संदेशने ते पहिल्यांदाच ऐकलं. तो जवळ येऊन उकिडवा बसला, कढई हातात घेतली आणि खाली ठेवली.

"ताई, ही आईची नाही गं. ही मी मागच्या महिन्यात आणलेली. श्रियाच्या आईकडची, माळ्यावर पडलेली. तुला म्हटलेलं मी, एकटीपुरतं काही तळायला होईल. तू खोक्यातच टाकलीस, बघितलीसुद्धा नाहीस."

श्रिया म्हणजे त्याची बायको. विनिता कढईकडे पाहत राहिली. म्हणजे हिचा आईशी काही संबंध नव्हता. आईने ही पाहिलीच नव्हती.

"आईचं डोकं ठिकाणावर नव्हतं शेवटी," संदेश हळू आवाजात म्हणाला. "प्रत्येक गोष्टीला उत्तर असतंच असं नाही. तू काही टाकत नाहीयेस, ताई. नुसतं जागेवरून हलवतेयस."

ती उठली. "ने सगळं," म्हणाली.

माणसांनी खोकी उचलली. टोपांचा आणि ताटांचा खणखणाट एकेक मजला उतरत गेला. "मी दोऱ्या बांधून घेतो. तू कडी लावून ये," असं म्हणून संदेशही गेला.

घर इतकं रिकामं तिने कधी पाहिलं नव्हतं. ती स्वयंपाकघरात गेली. नळ सोडून पाहिला. सकाळीच पाणी तोडलं होतं. नळाने एक लांब उसासा टाकला, आत खोल काहीतरी गुरगुरलं आणि गप्प झालं. खिडकी उघडी होती. पाडायच्या घराची खिडकी कुणी लावत नाही, पण बाहेर पडताना खिडकी लावायची ही सवय आईची, आणि म्हणून तिची. खिटी गंजलेली होती, आज ती बाजूने हात लांबवून ओढली जाईना. विनिता त्या मोकळ्या चौकोनात जाऊन उभी राहिली. आज तिने वळसा घातला नाही.

तिने खिटी लावली आणि मागे वळली.

समोर दार होतं. दारातून सरळ पलीकडे, हॉलमधले ते चार ठसे. आईची उशी नेमकी तिथे असायची. या कोपऱ्यातून तेवढंच दिसत होतं, आणि तिथूनही फक्त हा कोपराच दिसत असणार. ऊन त्याच जागी आलं होतं, फाळक्यासारखं, आता ते तिच्या अंगावर होतं.

कुणीतरी आपल्याकडे बघतंय, असं तिला वाटलं. पाठीमागून नव्हे, समोरून. ती नजर फरशीपासून खाटेच्या उंचीवर होती, आणि हलत नव्हती. विनिताच्या मानेवर काटा आला. आणि त्याच वेळी, तीन महिने जे झालं नव्हतं ते झालं. तिचे डोळे भरून आले आणि वाहायला लागले. ती आवाज न करता, भिंतीला हात टेकून, उभ्या उभ्या रडली.

रडू नको म्हण तिला.

हे तिला ऐकू आलं नाही. ते तिला आठवलं. तिला बसायला दे, कधीची उभी आहे. बघ किती छान दिसते.

तिचा हात आपसूक कानाकडे गेला. आईची कुडी जागेवर होती. मग दुसऱ्या कानाकडे गेला. तिथे काही नव्हतं. कानाची पाळी नुसती, मऊ, भोक पडलेली. फिरकी सैल होऊन कुडी कुठेतरी पडली होती; भांड्यांत, कागदांत, जिन्यात, कुठेही.

विनिता दोन्ही कान धरून उभी राहिली.

कढई नव्हती. किटली नव्हती. ती भांड्यांचे कान तपासत बसली होती आणि आई तिला डोळ्यांनी दाखवत होती, स्वतःच्या कानाला हात लावून सांगत होती. पण तेव्हा विनिता खाटेपाशी असायची, दोन्ही कानांत तिच्या स्वतःच्या रोजच्या रिंगा घालून. कोपऱ्यात होती ती ही होती. आजची. आई गेल्यानंतरची, रिकाम्या घरात उभी असलेली. आईने तिला जानेवारीतच पाहिलं होतं, रोज दुपारी, आणि ओळखलं होतं. नाव तेवढं सापडत नव्हतं. मग नाव नसलेल्या प्रत्येक वस्तूचं त्या जे करत, तेच त्यांनी हिचंही केलं. गाळणीसारखं, पंख्यासारखं. आणि जाण्याआधी बजावून ठेवलं, टाकून देऊ नका.

भीती गेली नव्हती. पण आता ती भीती परकी राहिली नव्हती.

नियम होता. हात लावायचा आणि मोठ्याने नाव घ्यायचं. विनिताने गळ्याभोवती गुंडाळलेली ओढणी सोडवली, उजवा हात छातीवर ठेवला आणि त्या चार ठशांकडे बघत म्हणाली:

"विनिता."

रिकाम्या घरात ते नाव भिंतींवर आपटून परत आलं, कुणी दुसऱ्याने घेतल्यासारखं. आणि त्यामागोमाग, अगदी पायाशी, टिंग.

ती कितीतरी वेळ खाली बघायला धजली नाही. बघितलं तेव्हा फरशीवर कुडी पडली होती. ओढणीच्या घडीत अडकली असेल, ओढणी सोडवताना सुटली असेल. मोती उन्हात पाण्याच्या थेंबासारखा दिसत होता.

तिने ती उचलली, पण कानात घातली नाही. मुठीत धरली. मग पाठ भिंतीला टेकवून त्या कोपऱ्यात खाली बसली.

"बसले गं," ती म्हणाली. "बसले मी."

खालून हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. ऊन फरशीवरून सरकून ओट्याच्या पायथ्याशी गेलं तेव्हा ती उठली, तोंड पुसलं आणि दाराला कडी लावली. कुलूप लावलं नाही.

संदेश पहिल्या मजल्यावर भेटला, तिला शोधायलाच वर येत होता.

"किती वेळ गं. बरी आहेस ना?" त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "आणि एका कानातलं कुठे गेलं?"

तिने मूठ उघडून दाखवली.

"घाल मग."

"घालते नंतर. ती भांडी आहेत ना, कुणाला हवी त्याला दे. मला गाळणी ठेव फक्त."

संदेशने एवढंच "बरं" म्हटलं. दोघं उतरू लागले. बाजूच्या चौकटीतून मांजराने त्यांच्याकडे पाहिलं आणि मग त्यांच्या मागे, वरच्या जिन्याकडे.

"वर कुणी आलेलं का?" संदेशने विचारलं. "खाली बोलण्याचा आवाज येत होता. दोघींचा वाटला."

"रिकामी जागा आहे," विनिता म्हणाली. "वाजते."